शेजारणीचा वाडगा परत केला तेव्हा

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. या धाग्यावरचे भुताखेतांचे अनुभव मी गेली काही वर्षं वाचते, पण ते दुपारी जेवताना करमणूक म्हणून. पांढरी साडी, घाटात बंद पडलेली गाडी, लिफ्ट मागणारी बाई... आणि शेवटी "ती बाई तर कधीच वारली होती म्हणे!" कोण म्हणे? ते कुणालाच माहीत नसतं. खाली प्रतिसाद काय, तर "बापरे, अंगावर काटा आला." तुमच्या अंगावर काटा यायला लागतं काय हो? दार करकरलं तरी येतो.

मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. आमच्याकडे एखादी चूक पुन्हा घडवून दाखवता आली नाही, तर ती चूक नव्हतीच असं धरून तिची नोंद, म्हणजे तिकीट, बंद करतात. मी आयुष्यभर हाच नियम पाळला आहे — देव, ज्योतिष, सासरचे मानपान, सगळ्याला. म्हणून हे लिहायला मी तयारच नव्हते. शिरीष, म्हणजे माझा नवरा, म्हणाला, "मंजू, सगळ्यांना नावं ठेवतेस ना, मग आता तुझं लिही की!" तर घ्या, लिहिते. अंगावर काटा आला तर मला कळवू नका.

आम्ही शिकागोजवळ शॉमबर्गला राहतो. टाऊनहाउसची रांग आहे, एकाला एक चिकटून. आमचं स्वयंपाकघर आणि शेजारच्यांचं स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच भिंत, आणि ती बांधणाऱ्याने पुठ्ठ्याची बांधली असावी असा माझा संशय आहे. मागे दोघांचेही छोटे पॅटिओ आहेत, काचेची सरकती दारं. माझं ऑफिसचं टेबल स्वयंपाकघरातल्या त्या काचेपाशीच, कारण मी घरूनच काम करते.

पलीकडे लेना आणि पेत्रू राहायचे. दोघंही रोमानियाचे, उत्तरेकडच्या डोंगरातल्या कुठल्याशा खेड्यातले. मूल नव्हतं. पेत्रूने जन्मभर लोकांच्या बाथरूममध्ये फरश्या बसवल्या आणि रिटायर झाल्यावर जन्मभराचं जेवायला बसला. बाराही महिने तोच तपकिरी स्वेटर, तीच टोपी. बर्फ उपसायचा तो हमखास आमच्या ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी टाकायचा. आणि दुपारी जेवण झालं की ढेकर द्यायचा. ढेकर म्हणजे... अहो, भिंत हलायची! एकदा माझ्या मीटिंगमध्ये क्लायंटने विचारलं, "आर यू ओके?" त्या दिवसापासून मी लाटणं टेबलाशीच ठेवायला लागले. ढेकर आला की भिंतीवर लाटणं हाणायचं. पलीकडून तो हसायचा, मग मी आणखी एक हाणायचे. शिरीष म्हणायचा, तुमच्या दोघांचं हे रोजचं बोलणंच झालंय. मी म्हणायचे, बोलणं कसलं, बोंबलणं आहे हे.

गेल्या वर्षी पानं गळायच्या दिवसांत पेत्रू गेला. झोपेतच. आम्ही लेनाला भेटायला गेलो तर घरातले सगळे आरसे चादरींनी झाकलेले. मनात म्हटलं, झालं! आमच्याकडचं थोतांड कमी होतं म्हणून आता हे इम्पोर्टेड. आणि मी कशी आहे ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल... मी तिला विचारलं, "तुमच्याकडे ते व्हॅम्पायर असतात ना? काळा झगा वगैरे?"

लेनाने माझ्याकडे असं पाहिलं, की तुच्छतेच्या बाबतीत मला पहिल्यांदाच कुणीतरी तोडीस तोड भेटलं.

"झगा हॅलोवीनच्या दुकानात मिळतो," ती म्हणाली. तिचं इंग्रजी तोडकं, मी आपलं मराठीत सांगते. "आमच्याकडे त्याला स्त्रिगोय म्हणतात. तो स्वतःच्याच स्वेटरमध्ये येतो. स्वतःच्याच घरी येतो. भूक लागते म्हणून."

"आणि रक्त पितो?"

"जवळच्या माणसाशेजारी बसतो. बसून राहतो. ते माणूस झिजतं." एवढं बोलून तिने मला कॉफी दिली. मी कॉफी प्यायले आणि घरी येऊन शिरीषला सगळं साग्रसंगीत करून दाखवलं. खूप हसलो आम्ही.

मग सासूबाई आल्या. पुण्याच्या आहेत, आणि शॉमबर्गला यायला त्यांनी नेमका बर्फाचा महिना निवडला, कारण उन्हाळ्यात भाचीचं लग्न होतं. त्यांनी पेत्रूला कधी पाहिलेलं नव्हतं, हे लक्षात ठेवा.

पेत्रूला जाऊन चाळिसावा दिवस होता. लेना दारात आली. हातात मातीचा नवा वाडगा, हिरवी नक्षी असलेला. त्यात शिजवलेले गहू, वर अक्रोड आणि पिठीसाखर, मधोमध मेणबत्ती खोचलेली. म्हणाली, "पेत्रूसाठी. तुम्ही खा. वाडगा तुमचा." मी कॉलवर होते, कानात हेडफोन. थँक्यू थँक्यू म्हटलं आणि वाडगा ओट्यावर ठेवून पुन्हा कामाला लागले.

माझा कॉल संपेपर्यंत सासूबाईंनी कारभार उरकला होता. "अगं, मेलेल्या माणसाच्या नावाचं दिसतंय ते," त्या म्हणाल्या, "आपण कसं खायचं? मागे कट्ट्यावर कावळ्याला ठेवलं." कावळा काही फिरकला नाही, एका जाड्या खारीने सगळं फस्त केलं. त्यावरूनही सासूबाईंना घोर! "कावळा शिवला नाही गं. काहीतरी इच्छा राहिली असेल त्यांची." म्हटलं आई, रोमानियन माणसाच्या इच्छेचा निकाल इलिनॉयचा कावळा लावणार का? त्यांनी वाडगा घासला, पुसला, आणि शेजारणीचं भांडं रिकामं कसं द्यायचं म्हणून त्यात रव्याचे लाडू भरले. लेना घरी नव्हती, तर वाडगा तिच्या दाराशी ठेवून आल्या. आमच्या रीतीने सगळं शंभर टक्के बरोबर. लाडू तर उत्तमच झाले होते.

त्यानंतर काही दिवसांतच तो माणूस दिसायला लागला.

दुपारची वेळ. भरपूर उजेड, बर्फावरून ऊन डोळ्यात येत होतं. मी टेबलाशी बसलेली, आणि एक माणूस मागच्या अंगणातून लेनाच्या पॅटिओत गेला. तपकिरी स्वेटर, टोपी, रुंद पाठ, तसंच डुलत चालणं. आता मेलेल्या माणसासारखा माणूस दिसला तर शहाणं माणूस काय म्हणेल? भाऊ असेल, म्हणेल. पेत्रूला भाऊ होता हे मला माहीत होतं. तो स्वतःच सांगायचा, माझा भाऊ माझ्या दुप्पट खातो. मी म्हटलं, आला वाटतं फुकट्या! भावाला जाऊन दोन महिने नाहीत, तर वहिनीच्या घरी ताट लावून बसला. वर भावाचाच स्वेटर घालून. लाजसुद्धा नाही.

रोज यायला लागला. सासूबाईंनीही पाहिला. "कोण गं हे गृहस्थ? रोज जेवायच्या वेळेला बरे येतात." एकदा मी कचरा टाकायला गेले तेव्हा लेनाच्या काचेतून आत दिसलं, हा टेबलाशी पाठमोरा बसलेला आणि लेना उभी राहून वाढतेय. माझं डोकं सणकलं. कारण लेना दिवसेंदिवस काटकी होत चालली होती. गालांची हाडं वर आलेली, जिना चढताना कठडा धरून थांबायची. शनिवारी मी तिला गाडीतून दुकानात नेत असे, तर कोबीचे गड्डे, खिमा, तांदूळ, ट्रॉली भरून घ्यायची.

"एवढं सगळं त्याच्यासाठी?" मी एकदा विचारलंच.

ती दचकली. "तुला माहीत आहे?"

"माहीत काय, रोज बघते मी त्याला. हाकलून द्या ना!"

"कसं हाकलू? त्याचंच घर आहे ते." आणि मग हळूच, "त्याचं पोट भरत नाही. मी वाढते, वाढते... भरतच नाही."

मी मनात म्हटलं, म्हणजे घरातही हिस्सा आहे वाटतं भावाचा! रात्री शिरीषला सांगितलं. तो म्हणाला, त्यांच्या घरातल्या गोष्टीत आपण पडू नये. शिरीष कुठल्याच गोष्टीत पडत नाही, म्हणून तर तो इतका गुटगुटीत राहिलाय.

आणि मग तो आमच्या दाराशी आला. भर दुपारी. मी सँडविच खात होते, काचेवर टकटक झाली. वर पाहिलं तर हा उभा. टोपी खाली ओढलेली, डोळ्यांवर सावली. मी दार वीतभर सरकवलं.

"भूक लागली आहे," तो इंग्रजीत म्हणाला. आवाजसुद्धा भावासारखाच, घोगरा.

मग माझं जे तोंड सुटलं! म्हटलं, "लाज नाही वाटत? त्या म्हातारीचं काय करून ठेवलंयत ते बघा जरा. चिपाड झालंय तिचं. तिला खायचं सोडून स्वतःच्या घरी जा आणि स्वतःच्या हाताने करून खा!" तो माझ्याकडे बघतच नव्हता. माझ्या खांद्यावरून आत, ओट्याकडे बघत होता. जिथे तो वाडगा ठेवला होता, तिथे.

"इथे होतं," तो म्हणाला.

मी दार ओढून लावलं आणि पडदा सोडला. सँडविच मात्र अर्धंच कचऱ्यात टाकलं. अपमान केला की मला एरवी भूक चांगली लागते.

दुसऱ्या दिवशी तो दिसला नाही. लेनाही दिसली नाही. मी फोन केला, उचलला नाही. म्हटलं, आता या फुकट्याचा सोक्षमोक्षच लावते. तिने आम्हाला एक किल्ली देऊन ठेवली होती, ती घेऊन गेले. लेना स्वयंपाकघरात जमिनीवर पडली होती. शुद्धीवर होती, पण उठण्याचं त्राण नव्हतं. टेबलावर एकच ताट, काठोकाठ वाढलेलं, गार झालेलं. पाणी शोधायला फ्रिज उघडला... आणि तशीच उभी राहिले. अख्खा फ्रिज डब्यांनी भरलेला. प्रत्येक डब्यात एकेका ताटाचं अन्न. कोबीत गुंडाळलेला खिमा, भात, मक्याचं पीठ शिजवून केलेल्या वड्या. कशालाही चमचा लागलेला नव्हता. ज्याला मी रोज जेवताना पाहत होते, त्याने एक घासही खाल्ला नव्हता. आणि तिनेही नाही.

अँब्युलन्स आली. हॉस्पिटलमधल्या डॉक्टरने तपासण्यांवर तपासण्या केल्या आणि शेवटी सांगितलं, अशक्तपणा आहे, दुःख आहे, वय आहे. एवढं शिकून हे सांगितलं. ते तर आमच्या सासूबाईंनी चेहरा बघून सांगितलं असतं.

मी तिच्या खाटेशी बसले. म्हटलं, "लेना, तुमच्या दिराचा नंबर द्या. येऊन बघू दे त्याला आपले प्रताप."

"कुठला दीर?"

"पेत्रूचा भाऊ. रोज येतो तो."

"पेत्रूचा भाऊ गावातच वारला. कितीतरी वर्षं झाली. तो अमेरिकेत कधी आलाच नाही." मग तिने माझं मनगट धरलं. "मंजू, तू कुणाला पाहिलंस? तपकिरी स्वेटर?"

मी मान हलवली. ती रडायला लागली. मला वाटलं घाबरली, पण नाही... तिला सुटल्यासारखं झालं होतं. इतके दिवस तिला वाटत होतं की आपलं डोकं फिरलंय.

घाबरले होते ती मी. कारण मी त्या माणसाशी बोलले होते, वीतभर अंतरावरून.

मग वाडग्याचं निघालं. त्यांच्याकडे मेलेल्या माणसाच्या नावाने शेजाऱ्याला अन्न देतात, भांड्यासकट. शेजारी जे खाईल ते त्याला पोचतं. ज्या भांड्यातून खाईल ते भांडं त्याला तिकडे मिळतं. म्हणून ते परत करायचं नसतं. परत केलं म्हणजे त्याचं अन्न नाकारलं. मग स्वतःच्या घरात कितीही वाढा, घरच्यांच्या हातचं त्याला लागत नाही. उपाशी माणूस जाणार कुठे? घरी येतो.

"पण आमच्यात रिकामं भांडं देत नाहीत म्हणून... लाडू होते त्यात!" मी जवळजवळ ओरडलेच. "सांगायचं ना एका शब्दाने!"

"दान मागे लागून देत नाहीत. मला वाटलं तुला पेत्रू नकोसा होता. तू भिंतीवर मारायचीस ना." ती डोळे मिटून बोलत होती. "तो वाईट नाही, मंजू. भुकेला आहे. माझ्याशेजारी बसतो, आणि मी थकत जाते. आता मला फार दिवस जमणार नाही."

"मग पुन्हा द्या! आत्ता द्या!"

"एकदा परत आलेलं मी आपणहून नाही देऊ शकत. तू मागायला हवंस. माझ्या दारात उभं राहून."

मला संताप आला, संताप! एका वाडग्यासाठी? मातीच्या? जग कुठे चाललंय आणि ही माणसं गव्हाच्या दाण्यांवर जीव टांगून बसलीत! पण खाटेवरचा तो हात इतका हलका झाला होता, की मी तो नुसता हातात धरून बसले.

घरी येऊन सांगितलं तर सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या. "अगं बाई... मी माणसाला भरल्या ताटावरून उठवलं गं!" त्यांना ते लगेच कळलं. मला समजायला हॉस्पिटल लागलं, आणि त्या पुण्यातून येऊन एका वाक्यात तिथे पोचल्या. मला जरा रागच आला.

लेनाला घरी सोडलं त्या दिवशी सासूबाईंनी आमच्या कुकरमध्ये गहू शिजवले. लेनाने स्वतःच्या हाताने साखर आणि अक्रोड घातले. वाडगा तोच, हिरव्या नक्षीचा. लाडू तिने चर्चमध्ये वाटून टाकले होते. मग ती आपल्या घरात गेली आणि मी तिच्या दारात उभी राहिले. भर दुपारी, सगळ्या रांगेला दिसेल असं, बर्फात. आयुष्यात मी कुणाकडे काही मागितलेलं नाही. माहेरी नाही, सासरी नाही, ऑफिसात तर नाहीच.

"लेना," मी म्हटलं, "पेत्रूच्या नावाचं मला द्या. मी खाईन. वाडगा ठेवून घेईन."

तिने दिला. तिने शिकवलेला शब्द मी म्हटला, "बोग्दाप्रोस्ते", म्हणजे देव त्याला क्षमा करो. त्यांच्यात यावर थँक्यू म्हणत नाहीत. मग तिचं घर मी स्वतः कुलूप लावून बंद केलं आणि तिला धरून आमच्याकडे आणलं, कारण तिला एकटं सोडायला शिरीषने सक्त मनाई केली होती. हो, त्यानेच. किल्ली आमच्या टेबलावर, लेना माझ्यासमोर, सासूबाई तिच्या शेजारी, शिरीष दाराला टेकून.

मी खायला लागले. खरं सांगू? बेचव प्रकार. गोड, चिकट, चावून चावून जबडा दुखतो. दोन घास खाऊन ठेवायचा माझा विचार होता. पण तिसऱ्या घासाला मला अशी भूक लागली... अशी भूक मला कधीच लागली नव्हती, उपासालाही नाही. मी चमचा टाकला आणि हातानेच खायला लागले. वाडगा बोटाने निपटून चाटून खाल्ला, मी! जी पार्टीत पोळीसुद्धा काट्याने तोडते.

वाडगा खाली ठेवला.

आणि भिंतीपलीकडून ढेकर आला.

लांबलचक, खालून वर चढत गेलेला, शेवटी समाधानाने सुस्कारलेला. ओट्यावरचे चमचे हलले. पलीकडे कुलूप होतं, किल्ली माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि जिच्या घरातून तो आला ती बाई माझ्यासमोर बसून हसत होती. पेत्रू गेल्यापासून मी तिला पहिल्यांदा हसताना पाहत होते. शिरीष पांढराफटक पडला होता. सासूबाईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "जेवले हो."

मी काय केलं असेल? सवयीने लाटणं उचललं आणि भिंतीवर हाणलं. दोनदा.

तो माणूस त्यानंतर कुणालाच दिसला नाही. लेना खायला लागली, वजन धरलं, आता या वर्षी बर्फही तीच उपसते. आणि आमच्याच ड्राइव्ह-वेच्या तोंडाशी टाकते!

आता तुमचे प्रतिसाद येतील. सामूहिक भ्रम म्हणा, पाण्याचे पाइप म्हणा. पाइप मी तपासून घेतले. प्लंबरला तो आवाज तोंडाने काढून दाखवला, तो मला घाबरला. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. भूतबीत मी अजूनही मानत नाही, आणि तुमच्या त्या लिफ्ट मागणाऱ्या बाईवर तर अजिबातच नाही.

वाडगा आमच्या कपाटात आहे. सासूबाईंनी जाताना बजावून सांगितलं, याला हात लावायचा नाही. सहा महिन्यांनी लेनाने पुन्हा पेत्रूच्या नावाचं दिलं, या खेपेला नवीन कपासकट. मी सगळं संपवलं, कपही ठेवून घेतला. मग लाटणं हातात घेऊन बराच वेळ भिंतीला कान लावून बसले. ऑफिसचा कॉल होता, तोही कॅन्सल केला.

पलीकडे काहीच आवाज झाला नाही. शेवटी मीच हळूच एकदा ठोकून पाहिलं.